कामगार कोण, कर्मचारी कोण?

सांगवीतील एखादे मध्यमवर्गीय घर डोळ्यांपुढे आणावे. वडील पिंपरीच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. थोरला मुलगा चाकणला कंत्राटदारामार्फत कामाला, धाकटा पदविका घेऊन त्याच पट्ट्यात शिकाऊ उमेदवार. सून खाजगी शाळेत शिक्षिका. लेकीला एका कंपनीच्या कचेरीत 'एक्झिक्युटिव्ह' असा भारदस्त हुद्दा मिळालेला, काम मात्र हजेरीपट लिहिण्याचे आणि बिले तपासण्याचे. शेजारचा तरुण मोटारसायकलवरून औंधपासून पिंपळे गुरवपर्यंत घरोघर जेवण पोहोचवतो. पाहुण्याने चौकशी केली तर या साऱ्यांविषयी एकच वाक्य सांगितले जाईल, की सगळे नोकरीला आहेत, वडील होते. मराठीला एवढे पुरते. कायद्याच्या इंग्रजीला ते पुरत नाही. या सहा माणसांची विभागणी ती भाषा दोन शब्दांच्या आधारे करते, आणि काम गेल्यावर कोणाला कोठे दाद मागता येईल हेही त्यावरूनच ठरते. ते शब्द म्हणजे 'वर्कर', जुन्या कायद्यातला 'वर्कमन', आणि 'एम्प्लॉई'.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा इतिहासजमा झाला. संहितांवर बरीच चर्चा झाली. ती बहुतेक तीनशेच्या मर्यादेवर, संपाच्या नोटिशीवर आणि वेतनाच्या नव्या व्याख्येवर झाली, आणि ती आवश्यकही होती. परंतु त्या सर्व तरतुदी ज्याला लागू व्हायच्या तो माणूस कोण, हा प्रश्न व्याख्येच्या कलमात पडून आहे आणि तिकडे फारसे कोणी फिरकत नाही. व्याख्येचे कलम म्हणजे व्याकरणाचा भाग, तो वकिलांनी पाहावा, अशी आपल्याकडची समजूत आहे. वस्तुतः या बाबतीत व्याकरणच पोटाशी निगडित आहे.

आरंभ शब्दांच्या घडणीपासून करावा. 'वर्कर' हा 'काम करणे' या क्रियापदापासून झालेला कर्तृवाचक शब्द. जो काम करतो तो वर्कर. त्याला मालक असलाच पाहिजे असे त्या शब्दात कोठेही म्हटलेले नाही. 'एम्प्लॉई'चे तसे नाही. त्यातला शेवटचा दीर्घ 'ई' फ्रेंच वळणाचा असून तो क्रिया ज्याच्यावर घडते त्याचा वाचक आहे. ज्याचे नाव लिहून दिले तो नॉमिनी, ज्याला शिक्षण दिले जाते तो ट्रेनी, तसा ज्याला कोणी तरी कामावर ठेवले तो एम्प्लॉई. हा शब्द उच्चारला की 'कोणाचा?' हा प्रश्न लगेच उभा राहतो, कारण एम्प्लॉयरवाचून एम्प्लॉई संभवत नाही. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर पहिला शब्द कर्तरी प्रयोगातला, दुसरा कर्मणी प्रयोगातला.

मराठीत मात्र हा भेद उतरत नाही. वर्कमनसाठी 'कामगार' आणि एम्प्लॉईसाठी 'कर्मचारी' असे प्रतिशब्द आपण रूढ केले. काम करणारा तो कामगार आणि कर्म आचरणारा तो कर्मचारी. दोन्ही शब्द कर्तरीच. त्यांत फरक दिसतो तो प्रतिष्ठेचा. यंत्रावर उभा असेल तो कामगार आणि टेबलाशी बसला असेल तो कर्मचारी, अशी विभागणी लोकांनी आपल्या मनाशी करून टाकली. 'पगार' हा शब्द पोर्तुगीज क्रियापदावरून आला, 'नोकर' आणि 'मजूर' फारसीतून आले. या शब्दांनी आपापली सामाजिक पायरी धरून ठेवली आहे. कायद्याने केलेले वर्गीकरण त्या पायऱ्यांशी जुळत नाही. कचेरीतला कारकून स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला संकोचतो. १९४७ च्या कायद्याने मात्र पहिल्या दिवसापासून लेखनिकाच्या कामाला वर्कमनच्या व्याख्येत स्थान दिले होते, आणि नव्या औद्योगिक संबंध संहितेतील 'वर्कर'च्या व्याख्येतही ते कायम आहे.

ती व्याख्या हा विशेषणांचा एक मनोरंजक इतिहास आहे. १९४७ मध्ये त्यात कुशल वा अकुशल अंगमेहनतीचे किंवा लेखनिकी काम, एवढेच होते. १९५६ साली देखरेखीचे आणि तांत्रिक काम त्यात आले. तेव्हा 'कुशल वा अकुशल' ही विशेषणे केवळ अंगमेहनतीच्या कामाला लागतात असे मानले जाई. १९८४ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने वाक्याची रचनाच बदलली. अंगमेहनतीचे, अकुशल, कुशल, तांत्रिक, संचालनाचे, लेखनिकी, देखरेखीचे अशी सात विशेषणे स्वल्पविराम देऊन सुटी मांडली गेली. कोणते विशेषण कोणत्या नामाला लागते, हा शालान्त परीक्षेतला प्रश्न, पण त्यावर वर्षानुवर्षे खटले चालले. सँडोझ कंपनीविरुद्धच्या खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी स्पष्ट केले की, व्यवस्थापकीय वर्गात मोडत नाही एवढ्यावरून माणूस वर्कमन ठरत नाही. व्याख्येत दिलेल्या कामांपैकी एखाद्यात त्याचे काम बसले पाहिजे.

या कसोटीचा फटका प्रथम कोणाला बसला असेल, तर तो शिक्षकांना. गोव्यातील एका शिक्षिकेची नोकरी १९७५ साली संपविण्यात आली. तिने औद्योगिक विवादाचा मार्ग धरला. सुंदरांबाळ खटला म्हणून प्रसिद्ध असलेल्या या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये दिला. शाळा हा 'उद्योग' आहे हे १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा निकालाने आधीच मान्य झाले होते. प्रश्न एवढाच होता की त्या उद्योगातील शिक्षिका वर्कमन आहे काय. न्यायालयाने नकारार्थी उत्तर दिले. शिकविणे हे अंगमेहनतीचे नाही, देखरेखीचे नाही, तांत्रिक नाही आणि लेखनिकीही नाही. ते एक उदात्त कार्य आहे. तेव्हा शाळेचा शिपाई वर्कमन, शाळेचा लेखनिक वर्कमन, पण शिक्षिका नव्हे. उदात्ततेचा असा भुर्दंड क्वचितच कोणाला पडला असेल. महाराष्ट्रातील मान्यताप्राप्त खाजगी शाळांच्या शिक्षकांना १९७७ च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरणाचे दार उघडून दिले आहे. त्या कायद्याच्या नावातला शब्द 'कर्मचारी' असा आहे, 'कामगार' असा नाही, ही गोष्ट या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे.

मग शिक्षक निदान 'एम्प्लॉई' तरी निर्विवाद ठरला काय? तेही झाले नाही. १९७२ च्या उपदान कायद्यातील एम्प्लॉईच्या व्याख्येतही कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी विशेषणांची रांग होती. अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, शिक्षक यांपैकी कोणत्याच विशेषणात बसत नाही, म्हणून ग्रॅच्युइटीसाठी तो एम्प्लॉई नाही. २००९ मध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला, तोही ३ एप्रिल १९९७ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने. दुरुस्ती अगदी साधी होती. विशेषणे काढून टाकली आणि 'कोणत्याही प्रकारचे काम' असे शब्द घातले. खाजगी शाळांनी या दुरुस्तीलाही आव्हान दिले, ते २०२२ मध्ये फेटाळले गेले. म्हणजे चार-सहा विशेषणांपायी शिक्षकांच्या एका पिढीला निवृत्तीनंतरच्या हक्काच्या रकमेसाठी ताटकळावे लागले.

महाराष्ट्राने या दोन शब्दांच्या बाबतीत आणखी एक गंमत करून ठेवली आहे. कामगार संघांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा राज्याचा १९७१ चा कायदा पिंपरी-चिंचवडच्या प्रत्येक जुन्या संघटनेला तोंडपाठ असतो. त्यात सर्वत्र शब्द आहे 'एम्प्लॉई'. मात्र त्याचा अर्थ काय, तर मुंबई औद्योगिक संबंध कायदा जेथे लागू असेल तेथे त्या कायद्यातील एम्प्लॉई, आणि अन्य सर्व उद्योगांत केंद्राच्या कायद्यातील 'वर्कमन'. म्हणजे शब्द एकाचा आणि अर्थ दुसऱ्याचा. सांगवीचा फिटर राज्याच्या कायद्यात एम्प्लॉई ठरे, कारण तो केंद्राच्या कायद्यात वर्कमन होता. आणि त्याचा व्यवस्थापक, जो रोजच्या इंग्रजीत नि:संशय एम्प्लॉई, तो या कायद्यात एम्प्लॉई नव्हता. आता ज्या व्याख्येकडे राज्याचा कायदा बोट दाखवीत आला तो केंद्रीय कायदाच रद्द झाला आहे. रद्द झालेल्या कायद्याचा उल्लेख नव्या कायद्याकडे वळवून वाचण्याची रीत आहे हे खरे, तरीही राज्य सरकारने ही जागा आपण होऊन दुरुस्त करणे श्रेयस्कर. याच १९७१ च्या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात आपला 'बदली' हा शब्द जसाच्या तसा बसला आहे. माणसांना कायमपणाच्या लाभांपासून दूर ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून राबविणे ही त्यात अनुचित प्रथा ठरविली आहे. इंग्रजीला त्यासाठी प्रतिशब्द सापडला नाही, यात नवल वाटू नये.

व्याकरणाचा खरा कस लागतो तो विभक्तीत. औद्योगिक संबंध संहितेतील वर्कर हा उद्योगात कामास असलेला माणूस आहे; एम्प्लॉई हा औद्योगिक आस्थापनेने कामास ठेवलेला माणूस आहे. एकीकडे सप्तमी, दुसरीकडे तृतीया. सप्तमीला कर्त्याची पर्वा नसते. 'चाकणमध्ये काम करतो' या वाक्यात ठेवले कोणी हे सांगावे लागत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने तर आणखी पुढे जाऊन, थेट किंवा एखाद्या मध्यस्थामार्फत कामास असलेला प्रत्येक जण वर्कर मानला होता. म्हणून अपघात टाळण्यासाठी यंत्राला जे कुंपण घालावयाचे, ते कायमच्या माणसासाठी आणि कंत्राटी माणसासाठी सारखेच होते. पण काम गेले की न्यायालय तृतीया विचारते: तुला ठेवले कोणी? धारंगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालक-नोकर असे नाते सिद्ध झाल्याशिवाय वर्कमनपण नाही. तो खटला कच्छच्या छोट्या रणातील मीठ पिकविणाऱ्या अगरियांचा होता. कुटुंबकबिल्यासह राबणारे, हाताखाली स्वतःची माणसे घेणारे हे लोक ठेकेदार नसून वर्कमन आहेत, असा निर्णय झाला. इंग्रजीतील 'सॅलरी' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील मिठाच्या शब्दात आहे. मिठागरातील माणसाला मात्र आपण वेतनावरचे आहोत हे ठरवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

पुण्याच्या परिसरातील थोरल्या मुलांना अगरियांएवढे सुदैव लाभले नाही. कल्याणी स्टील्सच्या उपाहारगृहात कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांनी आपण कंपनीचेच आहोत अशी तक्रार १९७१ च्या कायद्याखाली नेली होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नाते वादग्रस्त असेल तर आधी ते अन्यत्र सिद्ध करून यावे, मग या कायद्याचा आधार घ्यावा. त्याच वर्षी सिप्ला कंपनीच्या प्रकरणातही हेच ठरले. निकाल तर्कशुद्ध आहेत, पण त्यांचा व्यवहारातला अर्थ असा की, नोकरी गेलेल्या माणसाने एका न्यायालयात आपण एम्प्लॉई असल्याचे शाबीत करावे, मग दुसऱ्यात अन्यायाची तक्रार करावी, आणि तोवर घरभाडे भरीत राहावे.

धाकट्याची कथा वेगळी आहे. १९४७ च्या व्याख्येत शिकाऊ उमेदवाराचा स्पष्ट शब्दांत समावेश होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने तो ट्रेनी आहे, वर्कर नाही, असे सांगितले. आता संहितांनी वर्कर आणि एम्प्लॉई या दोन्ही व्याख्यांतून त्याला कंसातल्या एका वाक्याने बाहेर ठेवले आहे. शिकणाऱ्याला शिकणारा म्हणण्यात गैर नाही. त्याने जर सकाळच्या पाळीत कायमच्या माणसाशेजारी उभे राहून तेवढेच नग काढले, तर तो काय शिकतो आणि काय उत्पादन करतो, यांतली सीमा कोणी तरी आखली पाहिजे. ती सध्या 'ट्रेनी' या एका शब्दावर सोडून दिलेली आहे.

उलट लेकीची स्थिती तिला वाटते त्याहून चांगली आहे. हुद्द्याच्या नावाने माणूस ठरत नाही, त्याच्या मुख्य कामावरून ठरतो, हे तत्त्व मुंबईच्या सिबा गायगीच्या खटल्यात १९८५ साली ठळकपणे मांडले गेले. थोडीफार देखरेख करणारा माणूस मुख्यतः लेखनिकी काम करीत असेल तर तो वर्कमनच. पगाराविषयीही असाच गैरसमज आहे. अठरा हजार रुपयांची जी मर्यादा नव्या संहितेत आहे, आणि जी पूर्वी पाचशे, सोळाशे, दहा हजार अशी वाढत आली, ती केवळ देखरेखीचे काम करणाऱ्यांना लागू आहे. कुशल कारागिराला किंवा लेखनिकाला साठ हजार मिळाले तरी तो वर्करच राहतो. हे न कळल्यामुळे कित्येक जण 'एक्झिक्युटिव्ह' शब्दाच्या दबावाखाली मुकाट्याने राजीनामा लिहून देतात.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा गोंधळ आणखी एका कारणाने होतो. त्याच्या हातात ब्रिटिश पुस्तके असतात. ब्रिटनच्या १९९६ च्या कायद्यात एम्प्लॉई हे आतले, लहान वर्तुळ आहे आणि वर्कर हे बाहेरचे, मोठे. प्रत्येक एम्प्लॉई वर्कर असतो, प्रत्येक वर्कर एम्प्लॉई नसतो. म्हणूनच फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक 'वर्कर' आहेत असे ठरविले, तेव्हा त्यांना किमान वेतन आणि भरपगारी रजा मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्या औद्योगिक संबंध संहितेत नेमके उलटे आहे. एम्प्लॉईमध्ये व्यवस्थापकही येतो, वर्करमध्ये येत नाही. इंग्रजी पुस्तकातले वाक्य उचलून येथील कायद्यावर टाकले तर उत्तर चुकते, आणि परीक्षकालाही ते कळेलच असे नाही.

याहून चमत्कारिक प्रकार एकाच दिवशी अमलात आलेल्या दोन भारतीय संहितांत आहे. औद्योगिक संबंध संहितेत वर्कर होण्यासाठी कोणी तरी कामास ठेवलेले असावे लागते. सामाजिक सुरक्षा संहितेतील 'गिग वर्कर' मात्र पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर राहून कमावणारा, अशीच त्याची व्याख्या आहे. म्हणजे शेजारच्या मोटारसायकलवाल्याला वर्कर हे नाव मिळाले ते तो एम्प्लॉई नाही या अटीवर. त्याच्यासाठी निधी, नोंदणी, विमा यांची योजना आहे. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी स्वतंत्र कायदाही केला. या सोयी नाकारण्याचे कारण नाही. पण ॲपने त्याचे खाते बंद केले तर त्याला 'काढले' असे म्हणता येत नाही, कारण कोणी त्याला ठेवलेलेच नव्हते.

'वर्कमन'मधला 'मॅन' गेला ही एक चांगली गोष्ट नव्या संहितांनी केली. पुल्लिंगात स्त्रीलिंग येते असे १८९७ च्या सर्वसाधारण नियमाने सांगितले होते, तरी 'महिला वर्कमन' हा शब्दप्रयोग कानाला खुपत असे. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याने आधीच, २०१० मध्ये, 'वर्कमेन' सोडून 'एम्प्लॉई' शब्द धरला होता. जाताजाता त्याने अनेकवचनही सोडले. पूर्वीचे नाव अनेकांचे होते, नंतरचे एकाचे.

आता प्रत्येक एम्प्लॉईला नियुक्तिपत्र देणे व्यावसायिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे. या पट्ट्यातील नियुक्तिपत्रे सामान्यतः इंग्रजीत असतात आणि घेणारा खालच्या रेघेवर सही करून मोकळा होतो. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने कारखान्याच्या दाराशी लावायचा फलक बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावा असे म्हटले होते. दारावरच्या फलकाला जी अट लावली, ती हातात पडणाऱ्या कागदाला न लावण्याचे कारण दिसत नाही. महाराष्ट्र शासनाने आपल्या नियमांत एवढे घालावे की, नियुक्तिपत्र मराठीतही असावे, आणि त्यात हुद्द्याच्या जोडीला दोन गोष्टी स्वच्छ लिहाव्यात: या व्यक्तीला कामावर कोणी ठेवले आहे, आणि तिने दिवसभर नेमके काय करावयाचे आहे. पहिल्या वाक्याने तृतीयेचा प्रश्न सुटेल आणि दुसऱ्याने विशेषणाचा. उरतो तो मोटारसायकलवाला. त्याच्या हाती कागदच पडत नाही. त्याने 'मान्य' या खुणेवर बोट टेकलेले असते, आणि त्याखालचा करार किती पानांचा होता हे त्याने पाहिलेले नसते.